शाहीर अमर शेख यांचे अपुरे स्मरण

सन १९६९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राचे जे नुकसान झाले, त्याचा हिशेब अद्याप कोणी पुरता मांडलेला नाही. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. ते दुःख ताजे असतानाच १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात शाहीर अमर शेख अकस्मात कालवश झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांची वाणी, ज्यांची लेखणी आणि ज्यांचा कंठ मराठी जनतेने आपला मानला होता, अशी तीन माणसे अवघ्या अकरा आठवड्यांत काळाने ओढून नेली. आणि ज्या राज्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले होते, त्या राज्याच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. अत्रे सत्तरीत होते, अण्णाभाऊ एकोणपन्नासाव्या वर्षी दारिद्र्याने आणि आजाराने खचून गेले होते. परंतु अमर शेख बावन्न वर्षांचे, आवाज शाबूत, अंगात कष्टाचे बळ, आणि पुढच्या कार्यक्रमाचे आमंत्रण केव्हाही स्वीकारण्याची तयारी, अशा स्थितीत गेले. म्हणून तिघांच्या मृत्यूंमध्ये हा तिसरा मृत्यू मला सर्वांत अधिक अन्यायाचा वाटतो.

तसे वाटण्याचे कारण केवळ वयाचे नाही. अत्र्यांच्या मागे 'मराठा' दैनिकाचे अंक राहिले, नाटके राहिली, चित्रपट राहिले, 'कऱ्हेचे पाणी'चे खंड राहिले. अण्णाभाऊंच्या मागे 'फकिरा' राहिली, कथा राहिल्या, पोवाडे आणि वगनाट्ये छापील रूपात राहिली; ज्या समाजाने त्यांना जिवंतपणी उपेक्षेत ठेवले, त्याच समाजाने पुढे त्यांचे वाङ्मय पुन्हा पुन्हा छापून आपल्या अपराधाचे थोडेफार क्षालन केले. अमर शेख यांच्याही नावावर ग्रंथ आहेत. 'कलश' हा त्यांचा काव्यसंग्रह १९५८ साली आणि 'धरतीमाता' १९६३ साली प्रसिद्ध झाला. 'पहिला बळी' हे नाटकही त्यांनी लिहिले. आणि अत्र्यांसारख्या, प्रशंसा करताना हात कधीच आखडता न घेणाऱ्या, पण रसिकतेत कोणालाही हार न जाणाऱ्या माणसाने त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. तथापि, लक्षावधी माणसांनी ज्या अमर शेखांवर जीव लावला, ते अमर शेख पुस्तकात नव्हते. ते मैदानात होते, उघड्या आभाळाखाली, डफ छातीशी धरून उभे होते. आणि मैदान मोकळे झाले की त्यांची कलाकृतीही त्या गर्दीबरोबर चाळीचाळींतून, खेड्याखेड्यांतून विखरून जात असे.

आपण अमर शेख यांचे स्मरण करतो ते चळवळीचा एक निष्ठावंत सेवक म्हणून. ते स्मरण खरे आहे आणि त्यांना शोभणारे आहे. परंतु त्याच आदराच्या आड ते गायक होते, लोकांचे रंजन करणारे कलावंत होते, आपल्या विद्येतले अव्वल दर्जाचे जाणकार होते, ही गोष्ट आपण झाकून टाकली आहे. राजकीय पुढाऱ्याचे भाषण शब्दशः छापले गेले म्हणजे त्याचे बरेचसे काम भागते. गायकाचे तसे नाही. त्याचे शब्द छापले म्हणजे त्याचा सांगाडा तेवढा हाती येतो. श्वास कोठे घेतला, समेवर कसा उतरला, पाच हजारांच्या जमावाला कोणत्या क्षणी गप्प केले आणि कोणत्या क्षणी उठवून उभे केले, हे त्या छापील पानात कोठेच नसते. अमर शेख यांच्या आकस्मिक निधनाने आपल्या हातून गेले ते हे. आणि जे थोडेबहुत उरले होते, ते त्यानंतरच्या अर्धशतकाहून अधिक काळात आपल्या आळसाने गेले.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे मेहबूब हुसेन पटेल या नावाने ते जन्माला आले. त्या काळची बार्शी म्हणजे भगवंताच्या देवळाचे गाव, कापसाच्या आणि धान्याच्या पेठेचे गाव, कुर्डुवाडीहून येणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेचे गाव. आषाढात पंढरीची एकादशी झाली की द्वादशीला वारकऱ्यांची पावले भगवंताच्या देवळाकडे वळतात, हा त्या गावचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. अशा गावात, मुसलमान घरात, मुनेरबी नावाच्या आईच्या तोंडून मराठी ओव्या आणि लोकगीते ऐकत हा मुलगा वाढला. मराठी शाहिरीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात ज्यांच्या लावण्यांनी फड गाजवले ते जेजुरीचे सगनभाऊ हेही मुसलमानच होते आणि धंद्याने शिकलगार होते. शाहिराची जात त्याच्या कंठाला कोणी विचारीत नसे. ज्या आईला अक्षरओळख घडविण्याची तजवीज कोणी केली नव्हती, तिच्या गळ्यातून शेकडो वर्षांची भाषा सरळ मुलाच्या गळ्यात उतरली, आणि तीच त्याची पाठशाळा ठरली.

पुढचा काळ कष्टाचा. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, अशी मिळेल ती नोकरी त्यांनी केली. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग पाहिला. साम्यवादी विचारांचा संस्कार झाला. काही काळ कोल्हापूरच्या चित्रपटव्यवसायात काढला. आणि मग मुंबई. हा सारा तपशील चरित्रकोशांतून आढळतो, त्याचा विस्तार येथे करीत नाही. माझ्या दृष्टीने त्यात महत्त्वाचे एवढेच की, पुढे ज्या श्रोत्यांसमोर ते उभे राहिले, त्या श्रोत्यांचे जिणे त्यांनी वाचून जाणलेले नव्हते; कळकट कपडे, रात्रपाळीचे जागरण आणि मालकाची दटावणी यांची त्यांना स्वानुभवाने ओळख होती.

मुंबईत १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लालबावटा कलापथक उभे केले. या त्रिमूर्तीची कामगिरी सामान्यतः राजकीय इतिहासाच्या प्रकरणात सांगितली जाते. ती मराठी रंगभूमीच्या इतिहासातही ठळकपणे सांगावयास हवी. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला: आरंभी गण, मग पुढचा रंग, शेवटी वग. पण गणात गणेशाच्या जागी मायभूमीला, श्रमिकाला आणि हुतात्म्याला वंदन आले. वगातल्या राजाच्या जागी सावकार आणि गिरणीमालक उभा राहिला. आणि ज्या प्रेक्षकाने आजवर राजाराणीची कथा करमणूक म्हणून पाहिली होती, त्याला आपलेच बिऱ्हाड, आपलीच थकलेली भाड्याची पावती आणि आपलीच गावी राहिलेली बायको रंगमंचावर दिसू लागली. सरकारची वक्रदृष्टी या पथकाकडे वळली, मनाईहुकूम निघाले. तेव्हा एका गावी मज्जाव झाला तर दुसऱ्या गावी, एका नावाने परवानगी नाकारली तर दुसऱ्या नावाने, असा हा खेळ चालूच राहिला. अण्णाभाऊंनी लिहावे, गवाणकरांनी लिहावे आणि रचावे, अमर शेखांनी स्वतः लिहावे आणि सर्वांचे गावे, असा तो योग होता. आणि तो योग पुन्हा मराठी मुलखाच्या वाट्याला आला नाही.

शाहिराच्या विद्येविषयी आज इतके थोडे लिहिले जाते की, तिची काही अंगे येथे सांगणे मला अगत्याचे वाटते. डफ हे वाद्य दिसावयास अत्यंत साधे: लाकडाचे वर्तुळाकार कडे आणि त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे. पण हवेत ओल आली की ते कातडे सैल पडते आणि थाप मुकी होते. म्हणून कार्यक्रमापूर्वी मैदानाच्या कडेला, कागद आणि काटक्या पेटवून, त्या जाळावर डफ शेकून घ्यावा लागतो. कडे हातात फिरवीत, कातडे जाळापासून वीतभर अंतरावर धरून, मधूनमधून बोटाने टिचकी मारून स्वर चढला की नाही हे पाहावयाचे. जाळ जास्त झाला तर कातडे करपते, कमी झाला तर दोन कडव्यांत पुन्हा सैल पडते. हे काम शाहीर बहुधा दुसऱ्यावर सोपवीत नाही. त्याच्या शेजारी तुणतुणेवाला आपली एकुलती एक तार त्या डफाच्या आणि शाहिराच्या स्वराला मिळवून घेतो. पाठीमागे झीलकरी उभे राहतात. पोवाड्याचा एकेक चौक शाहीर गातो, मध्येच गद्यात कथा पुढे नेतो, आणि त्याचा श्वास संपतो न संपतो तोच झीलकरी शेवटचा शब्द उचलून धरतात. शाहिराला उसंत मिळते ती तेवढीच. हे सारे अर्धा-पाऊण तास, कित्येकदा त्याहून अधिक काळ, उभ्याने चालते. त्यासाठी छाती लागते. आणि छातीबरोबर कालाचे अचूक भान लागते, कारण समोरचा माणूस तिकीट काढून खुर्चीत बसलेला नसतो, तो केव्हाही उठून जाण्यास मोकळा असतो.

अमर शेख यांच्या आवाजाला 'पहाडी' हे विशेषण त्यांना ऐकलेला प्रत्येक माणूस लावतो. ते यथार्थच आहे. पण सर्वांनी एकच विशेषण वापरले म्हणजे गायकाचे निम्मे गुण त्याखाली गाडले जातात. केवळ मोठा आवाज फार वेळ ऐकवत नाही. कामगार मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर पुढारी येण्यास विलंब झाला की, जमाव धरून ठेवण्याचे काम शाहिराकडे येई. शहराच्या निरनिराळ्या टोकांवरून, कोणी गिरणीची पाळी संपवून, कोणी बायकामुलांसह, आलेल्या त्या जनसमुदायाला एकचित्त करावयाचे, त्याला हसवावयाचे, चिडवावयाचे, रडवावयाचे, आणि मग वक्त्याच्या स्वाधीन करावयाचे, हे काम एकसुरी गर्जनेने होणारे नव्हे. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अमर शेखांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली, ती का गेली याचा विचार करावा. ती गर्जना नव्हे. पोटासाठी मुंबईस आलेल्या आणि बायकोला गावी ठेवून आलेल्या माणसाचा तो विरह आहे. ऐकणारा त्या विरहात पुरता विरघळतो, आणि मग बेळगाव-कारवारसह तुटलेल्या मराठी मुलखाची व्यथा त्याच विरहाच्या सुरात त्याच्यापुढे येते. राजकारणाचा एवढा मोठा प्रश्न एका नवराबायकोच्या ताटातुटीत सामावून घेणे ही अण्णाभाऊंची प्रतिभा. परंतु ती ताटातूट खरी वाटेल इतक्या कोमलतेने, दहा हजार माणसांपुढे, त्याच पहाडी गळ्यातून गाऊन दाखविणे ही अमर शेखांची. या दुसऱ्या प्रतिभेला आपण नाव दिलेले नाही, म्हणून तिचा गौरवही केलेला नाही.

मनोरंजन या कार्याकडे आपल्याकडील सुशिक्षित वर्ग थोड्या उपेक्षेने पाहतो. प्रबोधन श्रेष्ठ, रंजन कनिष्ठ, अशी त्याची प्रतवारी ठरलेली. आणि म्हणून एखाद्या शाहिराचा सन्मान करावयाचा झाल्यास त्याने लोकांना जागे केले एवढेच सांगितले जाते, त्याने लोकांना आनंद दिला हे सांगण्याचा संकोच वाटतो. मला हा संकोच अयोग्य वाटतो. आठ तास मागावर उभा राहिलेला माणूस रात्री मैदानात येतो तो सिद्धान्त समजून घेण्यासाठी येत नाही. त्याला कोणीतरी त्याचे दुःख गाऊन दाखवावे, त्याच्या शत्रूची नक्कल करून त्याला हसवावे, आणि दोन घटका तरी आपण एकटे नाही असे त्याला वाटावयास लावावे, यासाठी तो येतो. हे ज्याला साधते त्याच्या विचारावर लोक पुढे विश्वास टाकतात. १९५६ ते १९६० या काळात संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना जो अलोट जनसागर लोटला, त्याच्या कारणांत अत्र्यांची विनोदी वाणी होती आणि शाहिरांचा डफ होता, हे इतिहासकारांनी तळटीपेत ढकलू नये.

या माणसाच्या निष्ठेची कसोटी १९६२ साली लागली. योगायोग असा की, चीनने मोठ्या प्रमाणावर आक्रमण केले तो दिवस २० ऑक्टोबरचा, म्हणजे अमर शेखांच्या वयाला सेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्याचा होता. ज्या विचारसरणीत ते वाढले त्या विचारसरणीच्या अनेकांची त्या वेळी भाषा अडखळली, पक्षात दुही माजली. अमर शेखांचा कंठ अडखळला नाही. हिमालयावरील त्या संकटावर त्यांनी गीत रचले, ते गात ते गावोगाव फिरले आणि सैनिकांसाठी निधी गोळा केला. गोव्याच्या मुक्तीसाठीही ते असेच गायिले होते. त्यांच्या धर्मावरून वा पक्षावरून त्यांच्या देशभक्तीचा दाखला मागणाऱ्यांना त्यांनी वादाने उत्तर दिले नाही; ते डफ घेऊन उभे राहिले.

असा माणूस रस्त्यावर, प्रवासात, एकाएकी गेला. अशा मृत्यूनंतर सांत्वनासाठी एक वाक्य हटकून उच्चारले जाते: बरे झाले, गळा शाबूत असताना गेले, उतरणीचे दिवस पाहावे लागले नाहीत. या वाक्यातील भाव मी समजू शकतो. बालगंधर्वांचा दीर्घ उत्तरकाल महाराष्ट्राने पाहिला आहे. ज्या रूपाने आणि ज्या स्वराने एका पिढीला वेड लावले, त्याचा क्षय होताना पाहणे रसिकांना असह्य झाले होते, आणि १९६७ साली ते गेले तेव्हा शोकाबरोबर एक सुटकेचा निःश्वासही कित्येकांनी सोडला. तरीही या सांत्वनाशी मी सहमत होऊ शकत नाही. कलावंताचा उत्तरकाल म्हणजे केवळ ऱ्हास नव्हे; आपण काय करीत होतो हे त्याला स्वतःला ज्या काळात समजते आणि दुसऱ्याला समजावून सांगता येते, तो हा काळ असतो. ज्याला रोज रात्री गावयाचे आहे त्याला सांगत बसावयास वेळ नसतो. गळा थकला की मग तो बसतो, शिष्याला चूक दाखवितो, जुनी चाल कोठून उचलली ते कबूल करतो, आठवणी लिहून काढतो. शाहीर साबळे यांना ते भाग्य लाभले. १९२३ साली जन्मलेले साबळे २०१५ पर्यंत आपल्यात होते, त्यांनी लोकधारा उभी केली, आत्मकथन लिहिले, कितीतरी तरुण हाताखाली तयार केले. लोकशाहीर विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. तोही मृत्यू आकस्मिक, परंतु ते एकोणऐंशी वर्षांचे होते आणि त्यांची विद्या त्यांच्या मुलांच्या गळ्यात आधीच पोहोचली होती. अमर शेखांना ही पंचवीस-तीस वर्षे मिळाली असती, तर आज त्यांच्याविषयी जे आपण तर्काने लिहितो ते त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळाले असते. त्यांची कन्या, कवयित्री मल्लिका अमर शेख, त्या वेळी बारा वर्षांची होती. तिने पुढे आपल्या लेखनातून वडिलांचे जे दर्शन घडविले त्याचे मोल फार मोठे आहे, तथापि बारा वर्षांच्या मुलीने वडिलांकडून जे घेतले असेल त्यापलीकडचे पुष्कळ काही त्या रस्त्यावरच राहिले.

मग शिल्लक काय राहिले, ते पाहू. ज्या काळात ते ऐन भरात होते त्या काळची ध्वनिमुद्रिका एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजत असे. अर्ध्या तासाचा पोवाडा तीन मिनिटांत मावत नाही. आणि मावलाच, तर त्यातून जमाव वजा झालेला असतो, झीलकऱ्यांची उसळी आवरलेली असते, शाहीर यंत्रासमोर एकटा असतो. १९६१ च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांची मूर्ती पाहावयास मिळते. दारिद्र्याने आणि वाढत्या संसाराने पिचलेल्या कुंभाराच्या घरची ती कथा, आणि त्यातील त्यांचा अभिनय पाहिला की हा मनुष्य केवळ गळ्याचा धनी नव्हता हे पटते. पण त्या चित्रपटातील जे गीत आज घरोघर ठाऊक आहे, ते सुधीर फडके यांच्या स्वरातले आहे.

बाकी उरले ते नाव. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, ही समाधानाची गोष्ट. पुण्यात मंगळवार पेठेच्या बाजूस त्यांच्या नावाचा चौक आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात त्या चौकात जाहिरातीचा प्रचंड लोखंडी सांगाडा भर दुपारी रहदारीवर कोसळला आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर काही दिवस वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवर शाहीर अमर शेख हे नाव सतत ऐकू येत होते, आणि ते उच्चारणाऱ्यांपैकी कितीजणांना हे शाहीर कोण हे माहीत असावे, या विचाराने मला दुहेरी दुःख झाले. ज्याचे नाव आपण चौकाला देतो, त्याचा आवाज शाळेतल्या मुलांना एकदा तरी ऐकविण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. ती न पाळता लावलेली पाटी ही केवळ टपालाच्या सोयीची राहते.

अजूनही काही करता येण्याजोगे आहे, आणि ते कोणी करावे हेही स्पष्ट आहे. त्या काळी समितीच्या आणि कामगार संघटनांच्या सभांना पोलीस खात्याचे लघुलेखक बसत असत. वक्ता काय बोलला याची ते नोंद घेत आणि त्यांचे अहवाल वरिष्ठांकडे रवाना होत. ज्या कलापथकावर मनाईहुकूम बजावले गेले, त्याच्याविषयी सरकारने टिपणे ठेवली नसतील हे संभवत नाही. कोणत्या गावी, कोणत्या तारखेस, किती जमावापुढे, कोणता वग झाला, याचा पुरावा शाहिराच्या घरी नसेल. पण ज्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली त्यांच्या दप्तरी तो असण्याचा संभव आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारातील आणि जिल्हाजिल्ह्यांतील ती गृहखात्याची दप्तरे अभ्यासकांना खुली करून अमर शेखांच्या कार्यक्रमांची तारीखवार नोंद तयार करणे, हे राज्य सरकारला एका साध्या हुकुमाने करता येईल. कलापथकाच्या दैनंदिन कार्याचे बखरकार त्या काळचे हवालदार आणि जमादार ठरले, तर तसे होऊ द्यावे.

दुसरे काम अधिक तातडीचे आहे. १९५६ साली ज्याने पंधराव्या वर्षी शिवाजी पार्कवर अमर शेखांना ऐकले, तो आज ऐंशीच्या पलीकडे गेला आहे. परळ-लालबागच्या चाळी पडल्या, त्यांतील माणसे विरार-बदलापूरपर्यंत पांगली, कित्येक कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतली. त्यांतल्या कोणाच्या तरी ओठांवर एखाद्या चौकाची चाल अद्याप असेल, कोणाच्या ट्रंकेत कार्यक्रमाचे हस्तपत्रक असेल, कोणी पुढे हौसेने ध्वनिफितीवर काही उतरवून घेतले असेल. अध्यासनाने विद्यार्थी पाठवून हे सर्व गोळा करावे, आणि वृत्तपत्रांनी त्यासाठी जागा द्यावी. आणि हे करताना एक नोंद मुद्दाम स्वतंत्र ठेवावी: अमर शेखांच्या मागे उभे राहून ज्यांनी झील धरली, तुणतुण्याची तार लावली, ढोलकी वाजविली, वगात सावकार आणि शिपाई वठविले, त्या माणसांची नावे, त्यांची गावे, आणि कोण कोणत्या साली पथकात आले ते साल. त्यांची मुले-नातवंडे आज साठीत आणि चाळिशीत आहेत. त्यांच्या दारी कोणी गेले, तर ती नावे अजून मिळतील.